आतल्या खोलीची वायर

धम्मपाल इंगोले यांनी तीस वर्षं कारंजा भागात टेलिफोनच्या तारा जोडल्या. बायको भागिरथा अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला पडल्या पडल्या फोनवर बोलता यावं म्हणून त्यांनी आतल्या खोलीत दुसरी वायर ओढली. भागिरथा वारली, पण वायर तशीच राहिली.

पुढे त्याच लाईनवर इंटरनेट आलं, पण ते सारखं रखडायचं. मुलगी पिंकी म्हणायची, "बाबा, घरातली वायर पाहून घ्या ना एकदा."

"माह्या हातची हाय. खराबी बाहेरच असन," ते म्हणत.

लॉकडाऊनमध्ये पिंकीची नोकरीची मुलाखत ऑनलाईन होती. दुसऱ्याच प्रश्नाला चित्र अडकलं आणि लाईन गेली. पुन्हा बोलावणं आलं नाही.

आठवड्यानं धम्मपालनी आतली वायर सोडवून बाहेरची तार थेट मॉडेमला जोडली, तर इंटरनेट सुसाट चालू लागलं. भिंतीतल्या ओलीनं त्यांचाच जोड हिरवा पडून सडला होता.

"पोरी, चूक माही होती."

"आता सांगून काय फायदा, बाबा?" म्हणत पिंकी उठून आत गेली.

धम्मपाल काढलेली वायर गुंडाळत बसले. ती फेकून देणं त्यांच्या जिवावर आलं होतं.