खोटा पासपोर्ट खोटा ठरेना!

वेल्समधल्या कार्डिफच्या एका छोट्या सॉलिसिटर ऑफिसात मी असायलमच्या, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांच्या, फाइली बघते. साताऱ्याच्या मैत्रिणी विचारतात, "कंटाळा नाही येत?" अगं, कंटाळायला आधी काही कळायला तर हवं! एक किस्सा समजेपर्यंत दुसरा दारात उभा असतो.

आमचा इद्रिसच घ्या. सुदानचा सुतार, चाळिशीतला. युद्धातून पळताना दलालाने त्याला शेजारच्या देशाचा खोटा पासपोर्ट दिला. अर्ज फेटाळला तर परतीचं विमान, म्हणजे जिवावरच बेतणार.

पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "मंजूर झालं तर इथे किती वर्षं राहता येईल?"

आमची बॉस कॅरिस म्हणाली, "पाच."

मी हळूच म्हटलं, "नवीन नियमात अडीच."

"ते नंतर अर्ज केलेल्यांना!"

"नक्की?"

दोघींनी वेबसाइट उघडली. तासाभराने इद्रिसच म्हणाला, "तुम्ही टी घ्या. मी उद्या येतो!"

* * *

मुलाखतीला अरबी दुभाषा मागवला, तर आल्या एक वेल्श आजी! दुभाषे पुरवणारी एजन्सी म्हणे, "नाव इद्रिस, पत्ता कार्डिफ. वेल्शच असणार ना?" इद्रिस हे वेल्श नावही आहे, हे मला तेव्हा कळलं. आजींनी त्याला वेल्शमध्ये 'गुड मॉर्निंग' शिकवलं आणि बस पकडली.

* * *

मग गृहखात्याचं पत्र आलं: जन्मतारीख एक जानेवारी, संशयास्पद.

कॅरिसही म्हणाली, "आपल्या इतक्या क्लायंट्सचे बर्थडे न्यू इयरलाच कसे?"

"माझे बाबा आणि काका दोघेही एक जूनचे," मी म्हटलं.

"ट्विन्स?"

"दोन वर्षांचं अंतर! शाळेत नाव घालताना मास्तरांनीच तारीख टाकली."

"आणि बाबांचा व्हिजा?"

"त्याच तारखेवर मिळाला. पुढच्या आठवड्यात येतायत."

कॅरिस डोकं धरून बसली. मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

* * *

विमानतळावर उतरताच इद्रिसने स्वतःच सांगितलं होतं, "हा पासपोर्ट खोटा आहे, मला आसरा द्या." अधिकाऱ्याने तो मशीनवर ठेवला. पास!

झालं. अर्ज फेटाळला गेला, आम्ही अपील केलं. ट्रिब्युनलमध्ये सरकारी वकील म्हणाले, "पासपोर्ट अस्सल आहे. म्हणजे हा शेजारच्या देशाचा. तिकडे पाठवा." जो देश त्याने आयुष्यात पाहिला नाही, तिथे! खोटा कागद खोटाच ठरू दे म्हणून मी पहिल्यांदाच देवाला हात जोडले.

जजबाईंनी विचारलं, "खोटा कशावरून?"

इद्रिस म्हणाला, "मॅडम, यात माझा व्यवसाय डॉक्टर लिहिलाय. मला सुई बघितली तरी चक्कर येते!"

* * *

काही आठवड्यांनी निकाल आला. मंजूर! इद्रिस टेबलावर डोकं ठेवून रडला. मीही रडले. कॅरिसने बिस्किटांचा डबा फोडला.

पुढे त्याचा ई-व्हिजा, म्हणजे राहण्याचा ऑनलाइन परवाना, आला. आम्ही तिघांनी तो फोनवर उघडला. फोटो इद्रिसचा, नाव खोट्या पासपोर्टवरचं!

कॅरिसने लगेच दुरुस्तीचा फॉर्म काढला. इद्रिस मात्र स्क्रीनकडे बघतच राहिला. मग त्याने मला हळूच विचारलं, "सिस्टर, राहायला नक्की कोणाला सांगितलंय? मला, की डॉक्टरला?"