सोयरीक मोडणारे आतोबा

दगडांची इतक्या आस्थेनं विचारपूस करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, नगरच्या एका हायस्कुलात रसायन शिकवत. पण त्यांचा जीव गुंतला होता एकाच प्रश्नात. दगडाला तेल आवडतं की पाणी? कोणाकडे गेले की घरच्यांचं कुशल विचारायच्या आधी ते उंबऱ्याच्या दगडावर पाण्याचा थेंब सोडत आणि वाकून बघत बसत. थेंब पसरला तर दगड ‘पाण्याचा’, गोळी होऊन बसला तर ‘तेलाचा’. मारुतीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यायलेल्या त्या देवावर एकदा मिठाचं आणि एकदा साधं पाणी शिंपडून ते इतके तन्मय होऊन उभे राहिले, की गुरवाला वाटलं मास्तरांना दृष्टान्त होतोय. त्यानं घाईघाईनं घंटा बडवली. “हे मला बघायला आले ना,” आत्या सांगायची, “तेव्हा माझ्याकडे ओझरतं पाहिलं आणि आमच्या पाट्याकडे मात्र टक लावून. म्हटलं, पाट्यालाच करतायत की काय!”

त्यांचं म्हणणं असं, की तेल आणि दगडमाती यांची सोयरीक मीठ जुळवतं. पाणी खारं असलं की तेल मातीला चिकटून राहतं. तेच पाणी गोडं असलं की माती तेलाचा हात सोडते. हे ते वर्गात सांगत, बाजारात सांगत, तेराव्याच्या पंगतीतही सांगत. ऐकणारे “व्हय, व्हय” म्हणून भाजीवाल्याला हाक मारीत.

माझ्या बहिणीचं लग्न आमच्या गावी, तिसगावात निघालं तेव्हा लढाई चालू होती आणि रॉकेल औषधालाही मिळत नव्हतं. मुहूर्त गोरज. मांडवातल्या आणि वरातीतल्या मशालींसाठी वडिलांनी कुठून कुठून करडईच्या तेलाचा एक डबा जमवला होता. लग्नाच्या दिवशी दुपारी वऱ्हाडाच्या गाडीचा एक बैल दावं तोडून मांडवात शिरला आणि डबा लवंडला. बघता बघता तेल मातीत जिरलं. वडील रिकामा डबा उलटासुलटा करून बघू लागले. अंधारात लेकीला सासरी धाडायचं, या विचारानं आईनं डोळ्यांना पदर लावला. अख्ख्या घरात आनंद झाला तो एकट्या आतोबांना.

“माती उचला!” ते गरजले. “सगळी! घंगाळात घाला!”

जावई म्हणजे दहावा ग्रह. वडील काय बोलणार? मी कॉलेजात शिकणारा, तरी निमूटपणे फावडं हाती घेतलं. आमच्या विहिरीचं पाणी खारं. ते एका घंगाळात ओतून ढवळलं; तेल काही सुटेना. आतोबांचा चेहरा आणखीच खुलला. इतक्यात पखालवाले चाचा लांबच्या विहिरीवरून वऱ्हाडासाठी गोडं पाणी घेऊन आले. आतोबांनी पखालीचं तोंडच धरलं.

“मास्तर, हे पाव्हन्यांसाठी हाय,” चाचा कळवळले. “मातीला कशाला पाजताय?”

“पाहुणे खाऱ्या पाण्यानं मरत नाहीत, चाचा!”

गोडं पाणी दुसऱ्या घंगाळात पडलं, माती ढवळली, आणि गढूळ पाण्यावर तेलाची सोनेरी चकंदळं तरंगू लागली. आतोबा हर्षानं नाचायचेच बाकी होते. “बघा! खारं होतं तोवर टिकली! गोडं घातलं आणि सोयरीक मोडली! मोडली सोयरीक!”

ही आरोळी जानवशापर्यंत पोचली. व्याही अनवाणी धावत आले. “कोन म्हनतंय सोयरीक मोडली? आमी काय कमी केलं हुतं?” वडिलांनी त्यांचे हात धरले, आईनं पाय. आतोबांनी मात्र त्यांच्या हाती पळी दिली आणि म्हणाले, “तेल वरच्यावर काढा. पाणी घेऊ नका.” आणि आश्चर्य असं, की व्याही खरंच तेल काढत बसले.

लग्न लागलं. मशाली तडतडत, मातकट धूर सोडत का होईना, पेटल्या. त्या उजेडात सगळं वऱ्हाड खारं पाणी पिताना करीत असलेली तोंडं मात्र फार स्पष्ट दिसली.

दुसऱ्या दिवशी आतोबांना पोचवायला मी फाट्यावर गेलो. पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या मोटारीची वाट बघत आम्ही झाडाखाली बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “पण आतोबा, गोड्या पाण्यानं तेल सुटतं ते का?”

ते माझ्याकडे वळून बसले. नंतर अगदी हळू म्हणाले, “ते मलाही नीटसं ठाऊक नाही रे. पण इतकी वर्षं मी सांगत आलो, ‘का’ असं कोणी विचारलंच नव्हतं.”

मग ते बोलू लागले. नेहमीसारखं गरजून नाही. चाचपडत, थांबत, मधेच स्वतःलाच खोडून काढत. मोटार आली, धुराचा लोट सोडून थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि निघून गेली. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मीही ती जाऊ दिली.