परत येणारा उजवा हात

बॉक्सिंगच्या सरांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या आईच्या इस्त्रीच्या दुकानात. उजव्या हातातली इस्त्री सरळ पुढे जाई आणि न थांबता मागे येई. त्यांच्या वर्गात मात्र हीच मुलगी डावा पाय पुढे ठेवून मागच्या उजव्या हाताने लांब वळसा घेत ठोसा मारायची, तोल घालवायची आणि मार खायची. संघाची निवड आठवड्यावर आली होती. हरलीस तर यापुढे दुकान एके दुकान, असं आईने बजावलं होतं.

“पोरी, कापड जळू नये म्हणून काय करतेस?”

“हात थांबवत नाही. सर, तुमचाच शर्ट आहे हा, घाबरू नका.”

“मग ठोसाही तसाच मार. सरळ जायचं, लगेच हनुवटीशी परत. वळसा नको.”

निवडीच्या दिवशी पहिल्या फेरीत तिने सवयीने वळसा घेतलाच आणि नाकावर ठोसा खाल्ला.

“जळलं कापड,” कोपऱ्यात तिला पाणी देत सर हळूच म्हणाले.

ती हसली. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तिचा उजवा हात सरळ गेला, सरळ परत आला. तिची निवड झाली.

आता ती सकाळी मुलींना बॉक्सिंग शिकवते आणि दुपारी दुकान उघडते. सरांच्या शर्टांना अजूनही तीच इस्त्री करते.