मिठाच्या ग्रहाचा शेवट

पुस्तक दाखवताना काका त्याचं मुखपृष्ठ छातीकडे वळवून धरायचे, चोरलेली कोंबडी सदऱ्याखाली लपवावी तसं. कारण मुखपृष्ठावर हमखास रॉकेट असायचं आणि त्या रॉकेटची काकांना मनापासून लाज वाटायची. काही पुस्तकांवर तर त्यांनी जुन्या कॅलेंडरचा कागद डकवला होता. "रॉकेट सोडा," ते म्हणायचे, "आत माणूसच हाय."

मीरा रोडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, गणपतीचं मखर आणि बिघडलेला पंप यांच्या मधल्या जागेत, दर रविवारी आमचं वाचक मंडळ भरतं. काका मूळचे जवळच्याच राई गावचे, मिठागरांच्या काठावर वाढलेले. जन्मभर विमा कचेरीत बसले आणि बायको गेल्यावर आमच्या बी विंगमध्ये एकटे राहायला आले.

विज्ञान कादंबरी म्हटलं की आम्ही नाकं मुरडायचो. काका मात्र त्या जुन्या कादंबऱ्या अशा सुचवायचे, की परग्रहावरची भानगड काल इथल्याच केबिन रोडवर घडलीय असं वाटावं. एका ग्रहावर निरोप घ्यायची पद्धतच नाही, मग पाहुणे घरी जातात कसे? एका शहरात माणसं आपली झोप विकतात, तिथल्या आईनं अंगाई कशाला म्हणायची? एवढं सांगून गप्प. पुढचं पुस्तकात.

मंडळाचा एक नियम मीच केला होता, निव्वळ चावटपणा म्हणून. सुचवलेलं पुस्तक ज्यानं वाचलं नसेल त्यानं पुढच्या रविवारी समोसे आणायचे आणि उभं राहून कारण सांगायचं. समोशांचं कुणाला काही नव्हतं. उभं राहण्याची लाज वाटायची. त्यामुळे हळूहळू न वाचलेलं पुस्तकच मंडळात उरलं नाही. तुम्हीही अशा मंडळात बसला असाल, तर हे तुम्हाला नवं नाही.

एका रविवारी काका रिकाम्या हातानं आले. कादंबरी जुनी आहे, आपल्याकडे प्रत नाही, शोधलीत तर मिळेल, म्हणाले. त्या ग्रहावर मेलेल्या माणसाचा आवाज मिठात उतरतो. चिमूटभर मीठ पाण्यात सोडलं की तो एकदाच ऐकू येतो आणि कायमचा विरतो. एका म्हाताऱ्याकडे बायकोच्या आवाजाची शेवटची चिमूट उरलीय. सोडायची की ठेवायची? भरतीचं पाणी मिठागराच्या वाफ्यात कसं घेतात, मिठानं टाचा कशा फुटतात, हे काकांनी इतकं बारीक सांगितलं की आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी कुणाच्याच हातात समोसे नव्हते. सगळ्यांनी कादंबरी वाचली होती. मोबाइलवर.

काका चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेवट कसा वाटला?"

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, तो मीठ समुद्राला परत देतो, फारच उदात्त. जिग्नेशभाईंच्या आठवणीप्रमाणे मात्र सुनेनं ते चुकून डाळीत टाकलं होतं. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या, तेव्हा म्हणाले, "आवृत्ती वेगळी असेल."

मग मी कशाला मागे राहतोय? उठलो, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, त्यात खोटीच चिमूट सोडली आणि कान लावला. "आवाज येतो," मी घोगऱ्या सुरात म्हणालो, "'जेवलात का?' बस, एवढंच. म्हातारा रिकाम्या घरात म्हणतो, 'हो, जेवलो.' आणि तो जेवलेला नसतो."

टाळ्या पडल्या. काका खाली बघत होते. कान लाल झाले होते.

"हे शेवटच्या पानावर हाय?"

"अगदी शेवटच्या ओळीत."

"बरं झालं," ते म्हणाले.

गंमत अशी, की स्वतःच रचलेला तो शेवट मला सोडेना. आता कादंबरी खरोखर वाचावीशी वाटली. मी जंग जंग पछाडलं, पण कुठे मागमूस नाही. शेवटी बी विंग गाठली. काकांनी चहा टाकला आणि पातेल्याकडे बघतच बोलले.

"मिळंल कशी? ती लिवलीच न्हाय. शेवटच सुचत न्हवता. आपली म्हणून सांगायची लाज वाटली, म्हणून पुस्तकातली म्हटलं. दुसऱ्या रविवारी खरं सांगणार होतो. पण तुम्ही सगळ्यांनी वाचलेली."

"मग तेव्हाच सांगायचं, काका. आम्हाला धरायचं."

"चारचौघांत तुमची मान खाली गेली असती," ते म्हणाले. चहा गाळून झाला तरी त्यांनी वर बघितलं नाही. खोटं आम्ही बोललो होतो आणि ओशाळले होते ते. "पण तुमचा शेवट बरोबर हाय. ती हेच इचारायची."

लिहा आता, मी विनवलं. लिहितो म्हणाले. दिवाळी झाली आणि काका गेले. घरात एक ओळही लिहिलेली सापडली नाही. कॅलेंडरचे कागद डकवलेली पुस्तकं तेवढी मंडळाच्या कपाटात आली.

समोशांचा नियम मी मोडीत काढला, पण खोटं बोलायची सवय नियमाहून टिकाऊ निघाली. आता ती मिठाची कादंबरी मीच नव्या सभासदांना सांगतो, कारण दुसरीकडे ती कुठेच नाही. सांगून झाल्यावर ती कुणाची ते सांगायचं, असं मी ठरवून ठेवलंय. गेल्या रविवारी बँकेतले एक गृहस्थ पहिल्यांदाच आले होते. माझं निम्मं सांगून होतं न होतं तोच त्यांनी मान डोलावली.

"हो, ती ना? वाचलीय मी. मोबाइलवर."

जिग्नेशभाई खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी पदर सारखा केला. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"शेवट कसा वाटला?" मी खाली बघत विचारलं.