शुक्रवारची तपासणी

काल्हेरच्या ज्या गोदामात मी बिलं आणि मालाच्या नोंदी बघतो, तिथला माझा कॉम्प्युटर इतका जुना आहे की नवीन काही त्याला पेलत नाही. म्हणून मालकांनी त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तरुणपणी मी कोर्स केला तेव्हा काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि यंत्राने खाली उत्तर द्यायचं, एवढंच होतं. त्या पडद्यावर मला अजूनही आपण हुशार आहोत असं वाटतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या वाटण्याचा हात आहे.

बाबांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. ती कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर वाहू लागलेलं रक्त थांबत नाही. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा त्यांचा आकडा स्थिर होत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला तपासणी सांगितली होती. कामतघरच्या आमच्या घरून रिक्षाने लॅबमध्ये न्यायचं, आकडा डॉक्टरांना फोनवर कळवायचा, मग ते गोळी अर्धी की पूर्ण ते सांगणार. हे काम माझं. बायको शाळेत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. माझी शुक्रवारी. भिवंडीत कापडाचे लूम शुक्रवारी बंद आणि लूमच्या मालावर चालणारं आमचं गोदामही बंद.

मोबाइलवर गजर लावून पाहिला होता. पण ड्रायव्हरांच्या फोनांनी दिवसभर तो खणखणत असतो. गजर मी न बघताच बंद करायचो. खरी आठवण बाबाच द्यायचे. गुरुवारी संध्याकाळी मी चपला काढतोय तोवर, "उद्या रक्ताचं आहे हं." चहाच्या वेळी पुन्हा. जेवताना पुन्हा. ते शिक्षक होते, एकदा सांगून त्यांचा कधी विश्वास बसला नाही. मला त्या आवाजाचा राग यायला लागला होता. राग कसला, लाजच होती. पन्नाशीच्या माणसाला बापाने धडा घोकून घ्यावा याची.

म्हणून मी कामांची यादी ठेवणारा एक प्रोग्राम शोधला. काळ्या पडद्यावर चालणारा, छोटा, आमच्या म्हाताऱ्या मशीनला झेपेल असा. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बसलो. हुकूम दिला, पासवर्ड दिला, ओळी सरसर वर गेल्या. मग त्याचं नाव टाइप केलं तर मशीन म्हणतं, असा हुकूमच नाही. प्रोग्राम आला होता, पण तो कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते मशीनला माहीत नव्हतं. टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, उघडताना जी फाइल वाचली जाते तिच्यात त्याचा पत्ता लिहिला. त्याच फाइलीत आणखी एक ओळ टाकली, म्हणजे सकाळी टर्मिनल उघडताच यादी समोर यावी. तातडीची कामं लाल केली. यादी लांबलचक नको म्हणून फक्त आजच्या तारखेची कामं दाखवायची, असंही लावलं. किती दिवस मी हेच करत होतो कुणास ठाऊक. रंग बदलायचो, पुन्हा बदलायचो.

माल उतरवण्याकडे बघणारे आमचे चाचा मागे येऊन उभे राहिले. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं, भिवंडीत पिढ्या गेलेल्या.

"काय साब, लॉटरीचे नंबर लागले का?"

"कामांची यादी आहे, चाचा. काय करायचं ते हा सांगणार."

"हत् तेरी. आमच्याकडं त्याला बायको हाय. पासवर्ड पन लागत न्हाय."

आम्ही दोघंही हसलो.

बाबांची तपासणी मी अगदी नीट टाकली: दर शुक्रवारी, लाल. एक खोटं काम बुधवारच्या तारखेला टाकून पाहिलं. बुधवारी सकाळी ते चोख समोर आलं. त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं, "आता तुम्ही आठवण करायची नाही. कॉम्प्युटर सांगेल."

"म्हणजे मी बोलायला नको?"

"अजिबात नको."

"बरं," ते म्हणाले.

चूक काय झाली ते कुणालाही दिसेल, मला दिसली नाही. शुक्रवारी सुट्टी म्हणून मी घरचं काम शुक्रवारवर टाकलं, आणि शुक्रवारी सुट्टी म्हणूनच तो कॉम्प्युटर बंद असायचा. शनिवारी तो चालू केला की कालचं काम आजच्या यादीत येत नव्हतं. दर सकाळी माझ्यासमोर स्वच्छ, छोटी यादी असायची आणि मला बरं वाटायचं. घरी शुक्रवारी मी जेवून झोपायचो. काहीतरी राहिलंय असं कधी वाटलंच, तर वाटायचं, असतं तर कळलं असतं. बायकोने एकदा विचारलं, "अहो, बाबांचं रक्ताचं बघताय ना?" मी म्हणालो, "सगळं लावून ठेवलंय."

असे बरेच शुक्रवार गेले. बाबा जुनाच डोस घेत राहिले.

एका सकाळी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि थांबेना. शौचालाही काळं होत होतं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. बायको शाळेत पोचली होती. मी गाडी केली आणि ठाण्याच्या हॉस्पिटलकडे निघालो. काशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग होती. बाबा तोंडाशी टॉवेल धरून बसले होते. तिथे मला शुक्रवार आठवले, एकदम सगळे.

"बाबा, तपासणी झाली नाही हे तुमच्या लक्षात होतं का?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टॉवेल बाजूला केला. "तू म्हणालास ना, कॉम्प्युटर सांगेल. मला वाटलं, आता दर आठवड्याला लागत नसेल."

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्येच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यातच ते गेले.

दिवसकार्याला लोक येत होते. बायको सगळ्यांना सांगत होती, "यांनी फार केलं हो बाबांचं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरसुद्धा त्यांची तपासणी लावून ठेवली होती." लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे, आणि मीही खाली बघून ते घ्यायचो. तेरावं झाल्यावर मला ते सहन होईना. ती स्वयंपाकघरात एकटी असताना मी तिला सगळं सांगितलं, पुलावरचं बोलणंही.

तिने गॅस बंद केला. ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं ती ओरडेल, आणि खरं सांगायचं तर तेच मला हवं होतं.

"शुक्रवारी शाळेतून आले की ते दारातच बसलेले असायचे," ती म्हणाली. "बाहेर जायचा शर्ट घालून. मला वाटायचं, जाऊन आले असतील. मी विचारलंच नाही."

माझं मन हलकं व्हावं म्हणून मी बोललो होतो. आता कुणी भेटायला येतं आणि मुलाने फार केलं म्हणतं, तेव्हा ती चहाचं निमित्त करून उठते आणि लवकर बाहेर येत नाही.