दोन विद्यापीठं आणि एक कौल

धर्म-अभ्यास या विषयात पीएचडी करायला मी परदेशी विद्यापीठांत अर्ज करतेय, हे आमच्या टिटवाळ्याच्या सोसायटीत कळलं तेव्हा पहिली चौकशी सेक्रेटरी काकांनी केली. श्रावणात सोसायटीच्या सत्यनारायणाची पूजा मी सांगेन का, असं त्यांनी विचारलं, कारण नेहमीचे गुरुजी फार उशिरा येतात आणि भाव खातात. मी त्यांना समजावलं की आम्ही पूजा सांगत नाही, माणसं देवाच्या नावाने काय करतात आणि का करतात ते बघतो, त्यावर लिहितो. काका म्हणाले, नुसतं बघायचं, आणि त्याचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त होता. त्या वर्षी माझाही तोच प्रश्न होता.

माझा विषय होता कौल. कोकणात आमच्या गावी देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, काही उजवीकडे, काही डावीकडे. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मांडतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणायची का, मुलगी या घरात द्यायची का, मुंबईला जायचं का, सगळं तिथे विचारलं जातं. लहानपणी मे महिन्यात मी त्या देवळात तासन्‌तास बसायचे. भक्ती वगैरे काही नव्हती, तिथली फरशी गार असायची एवढंच. पण कानावर पडायचं ते पडायचंच. देवाला प्रश्न विचारण्याआधी माणसं तो घासून-पुसून कसा लख्ख करतात, हे मला तेव्हापासून आवडत आलंय.

अर्जासोबत एक निवेदन लिहावं लागतं, तुम्ही या विषयाकडे कसे वळलात याचं. आपल्याकडे असं कोणी कोणाला विचारत नाही. मार्क पडले तिकडे माणूस वळतो. माझा पहिला मसुदा इतका जडजंबाल होता की ठाण्याच्या कॉलेजातले माझे सर तो वाचताना दोनदा चहा मागवते झाले. मग म्हणाले, "हे कोणी लिहिलंय? तू तर अशी बोलत नाहीस." हे सर मोठे गमतीदार. शिफारसपत्र मागायला गेले तर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. स्वतःची स्तुती स्वतः लिहिणं म्हणजे आपल्या पाठीला आपणच तेल लावणं, हात पोचतच नाही. मी 'विद्यार्थिनी नियमित आहे' इथपर्यंत पोचले आणि अडकले. सरांनी तो कागद वाचून बाजूला ठेवला, मला तलावपाळीवर भेळ खायला घातली, आणि पत्र स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते आजवर सांगितलेलं नाही.

निवेदन मी शेवटी बाबांवर लिहिलं. बाबा जवळच्याच मोहने गावातल्या कारखान्यात होते. कारखाना बंद झाला तेव्हा गावी न परतता इथेच तग धरावा का, हे त्यांनी देवीला विचारलं होतं. उजवी पडली, आम्ही राहिलो. बाबांनी कल्याणला एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं आणि मी इथल्या शाळेत गेले. माझं अख्खं शिक्षण एका पाकळीवर उभं आहे, असं मी त्यात लिहिलं. सोबत नमुना म्हणून कौलावरचा माझा मोठा निबंध जोडला, आकृत्यांसकट. आणि कल्याणच्या क्लासमध्ये दहावीच्या पोरांना इतिहास शिकवत वाट बघत बसले.

नकार फार सभ्य भाषेत येतात. 'यंदा अर्ज असामान्य दर्जाचे होते' हे वाक्य इतक्यांदा आलं की आई म्हणाली, एवढे असामान्य लोक आहेत तर आपल्या बिल्डिंगमध्ये एकही कसा नाही. फेब्रुवारी संपता संपता मात्र दोन होकार आले, एकाच आठवड्यात.

पहिला अमेरिकेचा. मोठं नाव, सहा वर्षांचा पूर्ण खर्च, फी माफ, आजारपणाचा विमा, वर दर उन्हाळ्याचे वेगळे पैसे. फक्त तिथल्या प्राध्यापकांचा जीव जुन्या पोथ्यांत होता. कौल 'एका प्रकरणापुरता' ठेवता येईल, असं त्यांनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं. दुसरा होकार युरोपातल्या एका लहान गावातून. चार वर्षं, फी नाही, पण विद्यावेतन इतकं बेताचं की तिथल्या खोलीचं भाडं गेलं की उरलेल्या पैशांत डाळ-भात आणि रविवारी अंडं. विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. मात्र तिथल्या बाईंनी माझा निबंध ओळ न ओळ वाचला होता आणि समासात शंभर शंका काढल्या होत्या. त्या शंका वाचताना मला इतकं बरं वाटलं की मी त्यांची प्रत काढून उशाशी ठेवली.

आईने दोन्हींची स्थळांसारखी तुलना केली. एक घर पैसेवालं पण बोलायला कोणी नाही, दुसरं जीव लावणारं पण मुलगी वाळणार. बाबा कोणी विचारलं की सांगायचे, "अमेरिकेचं मोठं आहे. पूर्ण खर्च देतायत." शेजारी, दुकानातले जुने सोबती, सगळ्यांना हेच. मला युरोपला जायचं होतं, पण ते बोलायला तोंड उघडत नव्हतं. ज्या माणसाने कारखाना गेल्यावरही माझी एक फी चुकवली नाही, त्याच्यासमोर जास्त पैसे नको म्हणायचे कसे? आणि उत्तर एप्रिलच्या मध्यापर्यंत द्यायचं होतं.

मार्चमध्ये बाबा शिमग्याला गावी गेले आणि तिथून फोन आला की घर उघडलंच आहे तर देवीला विचारून घेतो. टिटवाळ्याचा गणपती दारात असताना एवढ्या लांब विचारायला कशाला जायचं, असं सेक्रेटरी काकांचं मत पडलं. पण आमच्याकडे गणपतीला मागायचं असतं आणि देवीला विचारायचं असतं. ही दोन खाती वेगळी आहेत.

आता कौलाची अडचण अशी की देवीला 'दोन्हींतलं कुठलं' असं विचारता येत नाही. ती हो किंवा नाही एवढंच सांगते. बाबांनी प्रश्न कसा मांडायचा ते मला विचारलं, कारण घरातली तज्ज्ञ मी. मी अर्धा दिवस लावून प्रश्न तयार केला आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला: मुलीने अमेरिकेची जागा घ्यावी का? घ्यावी तर उजवा दे, घेऊ नये तर डावा दे. हा प्रश्न लिहिताना मी मनाला सांगत होते की हे सगळं अभ्यासासाठी चाललंय. पाठवल्यावर मात्र निळ्या खुणा उमटेपर्यंत फोन हातातून सुटला नाही.

कौल सकाळी लागला. बाबांनी फोन देवळाच्या खांबाला टेकवून व्हिडिओ कॉल लावला होता. आई माझ्या शेजारी हात जोडून, डोळे मिटून बसली होती आणि कुकर गॅसवर होता. गुरवकाकांचं गाऱ्हाणं सुरू झालं, भोवतीची चार माणसं 'व्हय महाराजा' म्हणाली, आणि मग नुसती शांतता. स्क्रीनवर काळा पाषाण आणि त्यावर पांढऱ्या पाकळ्या. बराच वेळ काही नाही. मग डाव्या बाजूची एक पाकळी सुटली आणि घसरत खाली आली. त्याच क्षणी गावची रेंज गेली.

डावा. अमेरिका नको. मी आईला मिठी मारली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला. थोड्या वेळाने बाबांचा मेसेज आला, "पाहिलंस ना? देवीने सांगितलं." मी लिहिलं, "हो बाबा, पाहिलं." आणि दुपारच्या आत युरोपला होकार आणि अमेरिकेला नम्र नकार, दोन्ही धाडून दिले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाबा दोन दिवसांनी आले. कोकम, कुळथाचं पीठ आणि प्रसादाची पुडी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले की मोठी बॅग माळ्यावरून काढून ठेव, अमेरिकेत फार थंडी असते. मी म्हटलं, अमेरिका कुठली? डावा पडला ना?

"उजवा पडला," बाबा म्हणाले.

मी डावा हात वर करून दाखवला, या बाजूची पडली म्हणून. बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, देवीचा उजवा."

देवी आपल्याकडे तोंड करून असते. तिचा उजवा हात तो आपला डावा. कौलातला उजवा हा नेहमी देवीचा, बघणाऱ्याचा नव्हे. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आणि मी तर हे लिहिलं होतं. माझ्या निबंधाच्या दुसऱ्याच पानावर होतं, आकृती काढून, बाण दाखवून. युरोपच्या बाईंनी त्या परिच्छेदाशेजारी 'हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा' असं लिहिलं होतं. त्या सकाळी मात्र मला माझा डावा दिसला, कारण मला तोच बघायचा होता.

मी बाबांना सांगितलं की दोन्हीकडे उत्तरं गेली. आई मटकन खुर्चीवर बसली. अमेरिकेला परत लिहून बघता येईल का, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, लिहीन, पण एव्हाना ती जागा त्यांनी पुढच्याला दिली असेल. आणि मग मला रडू आलं. देवी कोपेल म्हणून नव्हे, तेवढी मी शिकलेली आहे. बाबांनी आयुष्यात देवीचा शब्द एकदाही मोडला नव्हता आणि तो मी त्यांच्या वतीने मोडून बसले होते, त्याचं रडू. खरं काय ते मग सांगून टाकलं, की मला पहिल्यापासून युरोपलाच जायचं होतं.

बाबा बराच वेळ प्रसादाच्या पुडीची सुतळी सोडवत होते. सुतळी सुटली तरी बोटं चालूच होती.

"तो डावा मलापण हवा होता," ते म्हणाले.

आईने मान वर केली. बाबा माझ्याकडे न बघता बोलत होते. चार वर्षं म्हटली की तुझ्याशिवाय कशी तरी काढता येतात, म्हणाले. सहा म्हटल्यावर माझी छाती होत नव्हती. पण ते पूर्ण पैसे देतायत, मोठं नाव आहे. "बापाने कसं नको म्हणायचं? म्हटलं, देवीनेच म्हणावं. आणि पाकळी पडली ती नेमकी उजवी. एसटीत बसून आलो तो सगळा रस्ता मी मनाला समजावत आलेलो."

म्हणजे घरात दोन माणसं महिनाभर एकच गोष्ट मनात धरून एकमेकांना अमेरिकेचे फायदे सांगत होती. आई म्हणाली, मला विचारलं असतं तर पाकळी न लावता सांगितलं असतं, आणि बॅग काढायला माळ्याकडे निघून गेली. बॅग युरोपलाही लागतेच.

कौल मोडला तर देवीची क्षमा मागावी लागते. ती न मागता बाबांच्या घशाखाली घास उतरला नसता. त्यांनी तिथेच गुरवकाकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. झालेला प्रकार ऐकून काका जरा हसले, मग कामाचं विचारू लागले. गाऱ्हाण्यात देवीपुढे खरं तेच मांडावं लागतं, आडपडदा चालत नाही.

"चुकान झाला काय मुद्दाम?" काकांनी विचारलं. "देवीक नीट सांगूक व्हया. आणि चूक कोणाची म्हणान सांगू? चेडवाची?"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी मान हलवून हो म्हणाले. बाबांनी फोनवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि हात काढला.

"दोघांची म्हणान घाला," ते म्हणाले.

पलीकडे काकांनी लगेच हिशेब केला.

"मगे नारळ दोन लागतले."