हात लावलेला घोडा

दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत ती पोरगी माह्या बाजूला बसली होती. बारा-तेरा वर्षांची. नाव मी विचारलं नाही. मागच्या सीटवरून तिचा बाप साऱ्या गाडीला सांगत होता, "सात वर्षांची होती तवापासून मोठ्यामोठ्यांना हरवते. परदेशात खेळून आली! काल एक डाव हरली, तेवढंच!"

पोरीचं तिकडं ध्यान नव्हतं. मांडीवर बुद्धिबळाचा लहानसा पट होता. काल हरलेला डाव ती पहिल्यापासून मांडायची, एका जागी थांबायची, वेणीचं टोक चावायची अन् पुन्हा सारं मोडायची. दारव्हा येईपर्यंत चार वेळा.

मी म्हटलं, "हरली ना? मंग कायले उकरून राह्यली?"

"आजोबा, इथं मी घाईत घोड्याले हात लावला. स्पर्धेत हात लावला का तोच चालवावा लागते. चूक नीट पाहून ठेवली का पुढच्या डावात होत नाही."

मी खिडकीकडं तोंड केलं.

बायकोले जाऊन आठ महिने झाले. त्या सकाळी ती म्हणाली, "छातीत दुखून राह्यलं, दवाखान्यात नेता का?" मी म्हटलं, "आजची कापसाची वेचणी होऊ दे, उद्याच्या गाडीनं जाऊ." ती सांजेलेच गेली. रोज चुलीपुढं बसून मी ती सकाळ मांडतो, अन् रोज त्याच बोलण्यापाशी येऊन थांबतो.

पोरीले पुढचा डाव हाये. तिनं जिंकावं. माही चूक तर मले त्याच सांजेले सापडली होती.